घरी येऊन मॉनिटर दुरुस्त करून देणारी रत्नागिरीतील सेवा : आमचा अनुभव

रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातल्या एका छोट्या दुकानाची, घरी येऊन दुरुस्ती करण्याची सेवा आम्ही जुलै महिन्यात घेतली. आमच्या आंबाबागेचे सगळे हिशेब ज्या जुन्या १९ इंची मॉनिटरवर चालतात, तो सुरू केला की दोन सेकंद चित्र दिसे आणि मग पडदा काळा होई. हिरवा दिवा मात्र लागलेलाच राही. एका सेवा केंद्राने वस्तू न पाहताच ‘पॅनल गेले, नवा घ्या’ असे फोनवर सांगून टाकले होते, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

दुकानाचे तंत्रज्ञ ठरल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा आले आणि तसे कळवलेही नाही, ही उणीव नोंदवते. कामाला बसल्यावर मात्र त्यांची पद्धत पाहून फार समाधान वाटले. त्यांनी खिडक्या लावून खोलीत अंधार केला आणि काळ्या पडद्यावर तिरपी बॅटरी मारली. त्या उजेडात डेस्कटॉपवरची चिन्हे अगदी फिकट, पण स्पष्ट ओळखता आली. म्हणजे पॅनल चित्र काढतच होते, फक्त त्यामागचा प्रकाश विझत होता. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये हा प्रकाश बारीक फ्लोरोसंट नळ्यांचा असतो, आणि मॉनिटरच्या आतल्या इन्व्हर्टरला, म्हणजे या नळ्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटला, पुरेशी स्थिर वीज मिळाली नाही, की तो संरक्षण म्हणून नळ्या बंद करतो.

टेबलावर गोधडी पसरून, मॉनिटर पालथा ठेवून, त्यांनी जुन्या एटीएम कार्डाने कडेच्या खाचा सोडवल्या. प्लग काढलेला असतानाही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, त्यांनी हात लावला नाही. होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या पायांना टेकवून आधी त्यातली साठलेली वीज उतरवली. घरातली २३० व्होल्टची वीज तिथे डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्टने साठते, त्यामुळे घरीच स्क्रू फिरवण्याची हौस असणाऱ्यांनी ही पायरी कधीही गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोष शेजारच्या तीन छोट्या कपॅसिटरमध्ये निघाला. एरवी सपाट असणारा माथा तिन्हींचा फुगला होता, आणि एकाची फुलीसारखी खाच उकलून तपकिरी खपली बाहेर आली होती. तंत्रज्ञांनी त्यांच्या जागी १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारे नवे बसवले, ऋण बाजूची पट्टी प्रत्येक वेळी मला दाखवून. खाऱ्या, दमट हवेने बोर्डाच्या कडेला धरलेला हिरवट थरही त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने काढला. समुद्राजवळच्या घरांत हे काम मागून करून घ्यावे.

सव्वा तासाचे एकूण ५५० रुपये झाले, त्यात सुट्या भागांचे ६०. काढलेले कपॅसिटर न मागता हातात ठेवले, पावती मात्र मागावी लागली. तीन महिन्यांची तोंडी हमी मी तिच्यावर लिहून घेतली. पडद्यावर उभ्या रेघा येत असतील किंवा पॅनलच फुटले असेल, तर ते काम घेत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. गणपतीत दुकान आठवडाभर बंद असते, तेव्हा फोन त्याआधी करावा.