‘ओव्हरसीज शेअर’चं युनिट घेताय? आधी हा हिशेब वाचा

तासगावला बेदाण्याची पट्टी हातात आली, कारखान्याचं बिल खात्यावर पडलं, विट्याकडची गलाईवाली म्हणजे परगावी सोनं-चांदी गाळणारी मंडळी सणाला गावी आली, की पैसा फिरवून देणारी माणसं दारात उभी राहतात. आधी चेन मार्केटिंग होतं, मग शेअर ट्रेडिंगचे टक्के आले. आता मराठी चित्रपटाच्या ‘ओव्हरसीज शेअर’चं, म्हणजे परदेशातल्या कमाईतल्या वाट्याचं, युनिट आलं आहे. युनिट 50 हजारांचं. दरमहा 4 टक्के ‘परदेशी गल्ल्याचा वाटा’ आणि दोन वर्षांनी मुद्दल परत, अशी बोली. सांगली जिल्ह्यातल्या एका प्रकरणात अशी दीडशेच्या आसपास युनिटं खपली. चार महिने हप्ते वेळेवर आले, पाचव्या महिन्यात फोन बंद.

दीडशे युनिटांचे 75 लाख. दरमहा 4 टक्के म्हणजे 3 लाख, चार महिन्यांचे 12 लाख. हे 12 लाख लोकांच्याच पैशातून लोकांना परत गेले. एजंटांचं कमिशन वजा जाता उरलेली रक्कम घेऊन माणूस पसार. हप्ते ‘वेळेवर’ आले म्हणून ज्यांनी तिसऱ्या महिन्यात दुसरं युनिट घेतलं, ते सगळ्यात जास्त बुडाले.

आपल्याकडे ही थाप पचते, त्याला कारण आहे. वाई-मेणवलीत ‘स्वदेस’ आणि ‘दबंग’सारख्या हिंदी चित्रपटांचं शूटिंग झालं. शूटिंगच्या गाड्या, जेवणावळी, वाडा भाड्याने देऊन मिळालेले पैसे हे सगळं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून सांगलीला नाटकाचं वेडही आहेच. पण शूटिंगला घर देणारा रोख भाडं घेतो, गल्ल्यात भागीदार होत नाही. हा फरक योजना विकणारा मुद्दाम पुसतो.

लबाडी सुरू होते ती खऱ्या आकड्यांपासून. ‘दंगल’ने 2017 मध्ये एकट्या चीनमध्ये हजार कोटींच्या वर गल्ला केला, हे खरं. ‘सैराट’ने 2016 मध्ये शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, हेही खरं, पण त्यातला मोठा वाटा महाराष्ट्रातल्या थिएटरांचा होता, हे सांगितलं जात नाही. मग जगभरातल्या बॉक्स ऑफिसचा चढता आलेख दाखवतात आणि तो आलेख 2019 ला थांबतो. त्या वर्षी जगाचा एकूण गल्ला सुमारे 42 अब्ज डॉलर होता. पुढच्याच वर्षी कोरोनात तो 12 अब्जांच्या आसपास आला आणि त्यानंतर अजून 2019 ची पातळी गाठलेली नाही. चीनचा बाजार वाढला, पण तो मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या चित्रपटांवर. 2025 मध्ये ‘ने झा 2’ने दोन अब्ज डॉलरच्या वर कमावले, ते जवळजवळ सगळे चीनमधूनच. बाहेरच्या चित्रपटांना तिथे कोटा आहे. गल्ल्यात वाटा मिळणारे परदेशी चित्रपट वर्षाला 34, हा आकडा 2012 पासूनचा, आणि त्यात हॉलिवूडची गर्दी. शिवाय अशा चित्रपटाला मिळणारा वाटा गल्ल्याच्या साधारण 25 टक्के. कोट्याबाहेरचे चित्रपट बहुतेक एकरकमी विकले जातात. मग तिथे कितीही गल्ला झाला तरी इथल्या निर्मात्याला वर काही मिळत नाही.

आता आपल्याकडचा हिशेब. गल्ला म्हणजे निर्मात्याचे पैसे नव्हेत. मल्टिप्लेक्सचं 200 रुपयांचं तिकीट घ्या. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, तो तिकिटातच धरलेला असतो, म्हणजे साडेतीस रुपये सरकारला. उरले 169 रुपये 50 पैसे. मल्टिप्लेक्स आणि वितरक यांच्यात 2009 च्या निर्माते-वितरकांच्या संपानंतर जी वाटणी ठरली तीच साधारण धरली जाते: वितरकाला पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, पुढे 30. म्हणजे पहिल्या आठवड्यात 85 रुपयांच्या आत. त्यातून वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचं शुल्क आणि पोस्टर-होर्डिंगचा खर्च गेला की मग निर्माता.

परदेशात हात आणखी वाढतात. लंडनमध्ये 12 पौंडांचं तिकीट असेल तर त्यात 20 टक्के व्हॅट आतच असतो, 2 पौंड गेले. उरलेल्या 10 मधून लहान परभाषी चित्रपटाला निम्म्याहून बराच कमी वाटा मिळतो. 35 टक्के धरला तर साडेतीन पौंड. तिथल्या वितरकाचं 20 टक्के कमिशन गेलं की 2 पौंड 80 पेन्स. अजून सबटायटल, डीसीपी म्हणजे थिएटरला द्यायची डिजिटल प्रत, प्रत्येक थिएटरची केडीएम म्हणजे डिजिटल किल्ली, सेन्सॉर फी आणि जाहिरात निघायची आहे. थोडक्यात, गल्ल्याच्या चौथ्या हिश्शाच्याही आतून सगळे खर्च भागवायचे. योजनेच्या पत्रकात मात्र हिशेब थेट गल्ल्यावर होता.

त्यात मराठी चित्रपटाचं परदेशी प्रदर्शन म्हणजे बहुतेक वेळा शनिवार-रविवारचे मोजके खेळ. पुष्कळदा तिथलं महाराष्ट्र मंडळ हॉल भाड्याने घेतं आणि ओळखीत तिकिटं विकतं. चांगली गोष्ट आहे, पण ते वितरण नव्हे. हॉलचं भाडं निघालं तरी समाधान, असा तो मामला. अशा एका खेळाचा थिएटरबाहेरचा फोटो ‘अमेरिकेत धूमधडाक्यात प्रदर्शित’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. आणि समजा खरोखर चांगला चालला, तरी दोन-तीन वीकेंडमध्ये खेळ संपतो, पैसे मात्र हिशेब होऊन काही महिन्यांनी इकडे येतात. असा धंदा चोवीस महिने ठरलेल्या तारखेला ठरलेला हप्ता देईल कुठून? इतर काही कळलं नाही तरी चालेल, हा एक प्रश्न विचारला असता तरी 75 लाख वाचले असते.

त्या प्रकरणात लोकांना दर महिन्याला ‘ओव्हरसीज स्टेटमेंट’ नावाचा एक कागद मिळायचा. तो नीट पाहण्यासारखा आहे. देश, स्क्रीन, गल्ला असे तीन रकाने. प्रत्येक आकड्याच्या शेवटी तीन शून्यं. खऱ्या डीसीआरमध्ये, म्हणजे थिएटरच्या रोजच्या कलेक्शन रिपोर्टमध्ये, अशी गोल बेरीज क्वचितच येते, कारण तिकिटांचे दर आणि विकलेल्या खुर्च्या वेगवेगळ्या. दुबईचा गल्ला पौंडात लिहिलेला, तिथे दिरहॅम चालतो. चीनसमोर 340 स्क्रीन. थिएटरचं नाव एकही नाही. आणि सगळ्यावर कडी म्हणजे पहिलं स्टेटमेंट निघालं तेव्हा चित्रपटाला आपल्याच सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. पैसे यूपीआयने येत होते, तेही एका बचत खात्यावरून. परदेशातून खरंच पैसे आले असते तर निर्मात्याच्या चालू खात्यावर बँकेची परदेशी जमेची पावती निघाली असती. ती एकानेही मागितली नाही.

फ्रान्समधल्या ‘कान’ चित्रपट महोत्सवाचा उल्लेख झाला की आपली माणसं विरघळतात. तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात. महोत्सवाची अधिकृत निवड एक, आणि त्याच दिवसांत भरणारा चित्रपटांचा बाजार, ‘मार्शे द्यु फिल्म’, हा दुसरा. तो 1959 पासून भरतो. बाजारात फी भरून नावनोंदणी होते, पैसे भरून खेळ लावता येतो, गळ्यात पास अडकवून फोटोही काढता येतो. महाराष्ट्र शासनही 2016 पासून निवडक मराठी चित्रपट या बाजारात पाठवतं, तीही बाजारातलीच उपस्थिती. पोस्टरवर महोत्सवाच्या नावाभोवती दोन्ही बाजूंनी पानांची माळ असते, तिचंही तसंच. वीस-पंचवीस डॉलर प्रवेश फी घेऊन दरमहा पुरस्कार वाटणारे ऑनलाइन महोत्सव ढिगाने आहेत. माळेच्या आत नाव कोणाचं आहे ते वाचा आणि त्या महोत्सवाच्या संकेतस्थळावर निवडलेल्यांची यादी शोधा.

तपासायचं तर क्रम असा ठेवा. सेन्सॉर बोर्डाच्या संकेतस्थळावर चित्रपटाचं नाव टाका. प्रमाणपत्रावर निर्मात्याचं नाव आणि लांबी मिनिटांत असते. योजना विकणाऱ्याचं आणि निर्मात्याचं नाव वेगळं असेल तर हक्क त्याच्याकडे कसे आले, याची कागदांची साखळी मागा. बॅनर आणि शीर्षकाची नोंदणी कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे झालेली असू शकते, पण शीर्षक नोंदवलं म्हणजे परदेशी हक्क मिळाले असं होत नाही. नेमका हाच शीर्षक-नोंदणीचा दाखला सांगलीच्या प्रकरणात लोकांना दाखवलेल्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावला होता. ‘ब्रिटनमध्ये लागला’ असं म्हणत असतील तर तिथल्या सेन्सॉरच्या, बीबीएफसीच्या, संकेतस्थळावर नाव शोधा. गल्ल्याचे आकडे देणाऱ्या ‘बॉक्स ऑफिस मोजो’ या संकेतस्थळावर लहान मराठी चित्रपट दरवेळी सापडेलच असं नाही, म्हणून केवळ तेवढ्यावरून कोणाला खोटं ठरवू नका. थिएटरांची नावं आणि डीसीआर मागा. खरा वितरक ते देतो, फार तर कुरकुर करत.

करारात पाहायची जागा कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 ची. हक्क देणं लेखी आणि सहीचं हवं, त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. सांगलीत वाटलेल्या करारात ‘सर्व आंतरराष्ट्रीय लाभ’ असे शब्द होते, देशाचं नाव एकही नव्हतं, आणि हक्क देणाऱ्याच्या जागी सही एजंटाची. 500 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का होता, त्यावरच लोक निर्धास्त राहिले. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पाहतो, मजकूर खरा आहे याची हमी देत नाही.

ठरावीक परताव्याच्या बोलीवर चारचौघांकडून पैसे गोळा करणं हाच मुळात वेगळा विषय आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर 2019 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदाही आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याखाली मालमत्ता जप्त होऊ शकते. म्हणून पोलिसांकडे जाताना एकेकट्याने ‘उसने दिलेले पैसे बुडाले’ अशी तक्रार देऊ नका, तिचा दिवाणी वाद ठरवून बोळवण होते. दहा-बाराजण मिळून, सगळे करार, पत्रकं, व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि खात्याचे उतारे लावून जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जा आणि योजना म्हणून तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही नोंदवता येते. यूपीआयने नुकतेच पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, बाकी मग. ‘नवीन करार करून देतो, जुना जमा करा’ म्हणत एजंट येतो, त्याला मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

पुढच्या तारखेचे चेक हातात असतील तर ते तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत, शक्यतो वकिलामार्फत, लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवसांची मुदत असते, आणि ती संपल्यापासून एका महिन्यात नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेक न वटण्याच्या) कलम 138 खाली कोर्टात तक्रार. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो, चेक टाकू नका’ हे आर्जव या मुदती उलटाव्यात म्हणूनच असतं.

बुडालेल्यांची यादीही विकली जाते. त्या प्रकरणातल्या काहींना नंतर फोन आले: तुमचा वाटा लंडनच्या बँकेत अडकला आहे, 18 टक्के जीएसटी आधी भरला की सुटेल. परदेशातली रक्कम सोडवायला कोणतीही बँक जीएसटी कोणाच्या खासगी यूपीआयवर भरायला सांगत नाही. तो नंबर आणि कॉलची वेळ तक्रारीत जोडा.