तापणारा जुना लॅपटॉप: विंडोज 10 ठेवावं की लिनक्स टाकावं?

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप असेल, म्हणजे आय5-6200यू किंवा 7200यू अशा जातीचा, तर विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला; घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत जाहीर झाली ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. त्यामुळे लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा, विषय निघतोच, आणि त्याच्यासोबत एक समजही येतो: लिनक्स टाकलं की मशीन थंड पडतं. हे अर्धंच खरं आहे.

तुलनेआधी एक काम उरकून घ्या. पंख्याची जाळी धुळीने बुजली असेल आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडू झाली असेल, तर कुठल्याही सिस्टीमवर लॅपटॉप तापणारच. दुकानात देऊन तो उघडून साफ करून घ्या, पेस्ट बदलून घ्या. मगच पुढचं बोलण्यात अर्थ आहे.

नुसता चालू असताना

इथे लिनक्स सरळ पुढे. विंडोज 10 मध्ये तुम्ही काही करत नसलात तरी डिफेंडर या अँटिव्हायरसचं स्कॅन, शोधासाठी फाइलींची यादी करणं (इंडेक्सिंग), अपडेटची जुळवाजुळव असं मागे काहीतरी चालूच असतं. जुन्या दोन कोअरच्या प्रोसेसरला तेवढंही पुरतं, पंखा सुरू होतो. मिंट या सोप्या लिनक्सची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली तर रिकाम्या वेळी प्रोसेसर खरोखर रिकामा असतो. मिंटची नेहमीची सिनॅमन आवृत्ती की एक्सएफसीई यावर लोक तावातावाने भांडतात. रॅम 4 जीबी असेल तर एक्सएफसीई घ्या, पण तापमानात त्याने फार फरक पडत नाही.

व्हिडिओ बघताना

इथे पारडं फिरू शकतं, आणि लोकांचा भ्रमनिरास होतो तो नेमका इथेच. विंडोजवर ब्राउझर व्हिडिओ उलगडण्याचं काम बहुतेक वेळा न सांगता ग्राफिक्स चिपकडे देतो. लिनक्सवर हे वर्षानुवर्षं रखडलं होतं. फायरफॉक्सने इंटेल ग्राफिक्ससाठी ते 2023 मध्ये, 115 व्या आवृत्तीपासून, आपोआप चालू केलं. क्रोमवर अजून भरवसा ठेवू नका. शिवाय यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी9 प्रकारात पाठवतं आणि तो प्रकार पूर्णपणे चिपवर उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासूनची. त्याआधीचं मशीन असेल तर यूट्यूबला एच264 हा जुना, त्या चिपलाही उलगडता येणारा प्रकार पाठवायला लावणारं छोटं एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये टाका. कुठल्याही सेटिंगपेक्षा याचा गुण लवकर दिसतो.

जोराचं काम करताना

इथे बरोबरी. 7200यू ची मूळ गती 2.5 गिगाहर्ट्झ, टर्बो, म्हणजे ताणात थोडा वेळ वाढणारी गती, 3.1. ताण आला की दोन्ही सिस्टीम त्याला टर्बोत नेतात, आणि शेवटच्या त्या थोड्या वेगासाठी वीज आणि उष्णता प्रमाणाबाहेर वाढते. म्हणून टर्बो बंद करणं हा दोन्हीकडचा सगळ्यात सोपा इलाज. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करा, की टर्बो बंद. लिनक्समध्ये तेच काम टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंग फाइलमध्ये करता येतं. पत्रं, बँक, मुलांचा अभ्यास यात वेग कमी झाल्याचं कळतही नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा तर हे कराच.

लिनक्सवरच्या साधनांत गोंधळ फार होतो. थर्मल्ड हा इंटेलसाठीचा पहारेकरी: तापमान हद्दीजवळ गेलं की प्रोसेसरला आवरतो, एरवी गप्प बसतो. उबुंटू या लिनक्समध्ये तो आधीच असतो. टीएलपी मुळात बॅटरी वाचवण्यासाठी. लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असेल तर ते नुसतं टाकून काहीच फरक दिसत नाही, चार्जरवरचा टर्बो तुम्हाला हाताने बंद करावा लागतो. ऑटो-सीपीयूफ्रीक कामाचा भार बघून टर्बो स्वतःच चालू-बंद करतं. माझं मत: थर्मल्ड राहू द्या, आणि उरलेल्या दोघांपैकी एकच ठेवा. टीएलपी ठेवलंत तर लिनक्सची स्वतःची वीजबचतीची सेवा, पॉवर प्रोफाइल्स, तीही काढून टाका. दोघं एकाच किल्ल्या फिरवतात. आणि गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारं धोरण, ‘पॉवरसेव्ह’ दिसला म्हणून घाबरू नका. इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये तो गरजेनुसार वेग वाढवतोच.

व्होल्टेज कमी करून थंड करण्याचे जुने सल्ले मात्र जपून वाचा. 2019 च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्यावर बऱ्याच लॅपटॉपच्या बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनी ती वाटच बंद केली. ज्यांच्यावर ती उघडी आहे त्यांना विंडोजवर थ्रॉटलस्टॉप हा प्रोग्रॅम सोपा पडतो. लिनक्सवर सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) चालू असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते करू देत नाही.

लिनक्स नको, ते कोणाला?

वेगळं एनव्हिडिया कार्ड असलेल्या लॅपटॉपवाल्यांनी दोनदा विचार करावा. लिनक्सवर ते कार्ड नीट झोपलं नाही तर काही काम नसतानाही बूड तापत राहतं. एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीच्या कार्डांना तर 470 च्या पुढची ड्रायव्हर-मालिका चालतच नाही. कार्ड कायमचं बंद करून इंटेलवर चालवायची तयारी असेल, तर प्रश्न मिटला. पंख्याचे ‘शांत’ आणि ‘जोरात’ असे मोड कंपनीच्या विंडोज सॉफ्टवेअरमधूनच बदलत असतील, तर तेही बहुधा हातचे जातील. थिंकपॅडवाले इथे सुखी, त्यांना पंखा सांभाळणारं थिंकफॅन आहे.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी किंवा श्रीलिपीत डीटीपी करणाऱ्यांनी तापमानासाठी सिस्टीम बदलू नये. त्यांनी साफसफाई करावी, 99 टक्क्यांची युक्ती वापरावी आणि नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाकायला लागावं. नुसतं युनिकोड मराठी टंकायचं असेल तर लिनक्सवर इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

बाकीच्यांनी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून बघावं. वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावर मशीन खरंच झोपतं का, हे आधी तपासा. न झोपलेला लॅपटॉप बॅगेत भट्टीसारखा तापतो. सुरू झाल्यावर दहा मिनिटं थांबून ‘सेन्सर्स’ या कमांडने दिसणारा तापमानाचा आकडा बघा, मग फायरफॉक्समध्ये तोच एक व्हिडिओ लावून पुन्हा बघा. विंडोजवरही तोच व्हिडिओ, त्याच खोलीत, त्याच टेबलावर. पेनड्राइव्हवरून चालताना प्रोसेसरला थोडं जादा काम पडतं, तेव्हा दोन-तीन अंशांच्या फरकाकडे लक्ष देऊ नका.