एकोणीस अंशांवरचा वाकलेला बोल्ट : दुर्बिणीच्या माउंटचा नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीच्या अमावास्येला जुन्नरजवळच्या मामांच्या अंगणात मी मृगातील तेजोमेघाची दोन-दोन मिनिटांची साठ छायाचित्रे घेतली. घरी आल्यावर संगणकावर पाहिली, तेव्हा त्यांतली जेमतेम आठ-दहा ठेवण्याजोगी निघाली. बाकी सगळ्यांत तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले होते. ऑगस्टमध्ये घेतलेला हा संच पावसाळाभर खोक्यातच होता, ऑक्टोबरपासून नियमित वापरात आला आणि ऐन हंगामात त्याने असा दगा दिला, याचे मला फार वाईट वाटले. १३० मिलिमीटर आरसा, ६५० मिलिमीटर नाभीय अंतर, विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती दुर्बीण फिरवून ताऱ्यांचा माग ठेवणारा आधार) आणि त्याच्या केवळ विषुवांश, म्हणजे पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या अक्षाला मोटर, त्याच एका अक्षावर चालणारे गायडिंग (माग चुकल्यास आपोआप होणारी दुरुस्ती) आणि माझा जुना कॅनन १३००डी कॅमेरा, असा हा संच आहे. ही मापे ओळखीची असणाऱ्यांसाठीच पुढचे लिहीत आहे.

माझा पहिला संशय आरशावर गेला. तीन शनिवार मी कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणे, करण्यात घालवले, दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवले, फोकसरची ढिलाई काढली, तरी काहीच फरक पडला नाही. मग दुर्बीण विक्रेत्याकडे तपासणीसाठी पाठवली. तीन आठवड्यांनी ती ‘दोष आढळला नाही’ अशा एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली आणि तपासणी व कुरिअर मिळून अठराशे रुपये मला भरावे लागले. माउंटही तपासा, असे मी दोनदा लेखी कळवले होते. पण त्यांनी ते मागवलेसुद्धा नाही. त्या आठवड्यात मी ‘हा संच घेऊ नका’ असा मजकूर लिहून ठेवला होता. आज तो मी मागे घेत आहे, मात्र अठराशे रुपयांबद्दलची माझी तक्रार कायम आहे.

ज्या तपासणीला एक पैसाही लागत नाही, ती मी सर्वांत शेवटी केली. त्याच चौकटीचे पाच सेकंदांचे एक छायाचित्र घेतले. तारे गोल आले. कडेला थोडी शेपटी दिसली, पण एफ/५ च्या न्यूटोनियनमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या आरशाच्या दुर्बिणीत, कोमा सुधारक (कडेच्या ताऱ्यांची शेपटी घालवणारे भिंग) नसताना ती दिसतेच. म्हणजे आरसे निर्दोष होते. त्यानंतर एका लांब छायाचित्राच्या अखेरीस शटर उघडेच ठेवून चार सेकंद मोटर थांबवली. आकाश सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकते आणि माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल या दुर्बिणीत सुमारे १.३६ विकला व्यापतो. त्यामुळे प्रत्येक ताऱ्याने चौकटीत ठसठशीत पूर्व-पश्चिम रेघ ओढली. तांदळाचा दाणा त्या रेघेला बरोबर काटकोनात होता. मोटरची किंवा गिअरची चूक पूर्व-पश्चिम दिसली असती. ही उत्तर-दक्षिण सरकण होती आणि माझ्या माउंटवर ती सुधारणारी कोणतीही यंत्रणा नाही. जुनी छायाचित्रे वेळेच्या क्रमाने लावली, तेव्हा उरलासुरला संशयही फिटला. रात्री नऊला, मृग मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) असताना तारे जवळजवळ गोल होते. साडेअकराला तो पश्चिमेकडे कलल्यावर तेच तारे आठ पिक्सेलपर्यंत ताणले गेले होते. अक्षाची उंची चुकली, की नेमके असेच घडते.

ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश, त्यामुळे जुन्नरला ती सुमारे १९ अंश भरते. पन्नास अंशांच्या आसपासच्या देशांत हे माउंट ज्या कोनात उभे राहते, त्यापेक्षा आपल्याकडे त्याचा अक्ष बराच आडवा होतो आणि वजन पेलणाऱ्या बोल्टवर तिरका दाब येतो. मी तो बोल्ट बाहेर काढून पाहिला. त्याचे टोक चेपले होते आणि सरळपट्टीला लावल्यावर मधून स्पष्ट उजेड दिसत होता. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर असल्याने तो ध्रुव-दर्शकाच्या (माउंटच्या अक्षातून ध्रुवाकडे पाहणाऱ्या छोट्या दुर्बिणीच्या) वर्तुळावर नेमक्या जागी बसवावा लागतो. तसा तो बसवून मी समोरून कसायचा दुसरा बोल्ट कसला आणि माझ्या डोळ्यांदेखत तारा जवळजवळ अर्धा अंश खाली सरकला, म्हणजे अक्षच तितका हलला होता. अर्ध्या अंशाच्या चुकीने तारा मिनिटाला जास्तीत जास्त आठ विकला सरकू शकतो, म्हणजे दोन मिनिटांत बारा पिक्सेल.

भोसरीतल्या एका लेथवाल्याने त्याच मापाचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, टोक गोल घासून, २२० रुपयांत करून दिला. आता मी अक्ष नेहमी खालून वर उचलत आणतो, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसतो आणि कसताना डोळा ध्रुव-दर्शकावरून हलवत नाही. शेवटची खातरजमा ड्रिफ्ट पद्धतीने, म्हणजे एखादा तारा चौकटीत कोणीकडे सरकतो हे पाहून, करतो. मार्चच्या संध्याकाळी त्रिकांडातला (मृगातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांतला) सर्वांत उत्तरेकडचा तारा, जो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटूनच आहे, पश्चिमेला सोयीचा सापडतो. तो चौकटीत उत्तरेकडे सरकू लागला, तर अक्ष अजून खाली आहे असे समजावे.

कमी अक्षांशाचा आणखी एक त्रास आहे. पुस्तिकेप्रमाणे ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवला, तर काउंटरवेटचा (दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा खाली येताना त्याच पायावर आपटतो. दुर्बीण पूर्व किंवा पश्चिम क्षितिजाजवळ वळवताना हे हमखास घडते. मी ट्रायपॉडवरची, माउंटची दिशा ठरवणारी खुंटी उलट बाजूला बसवून दोन पाय उत्तरेला केले आणि आपटणे थांबले. परिसरात उसामुळे बिबट्याचा वावर असल्याने मला घराला लागून असलेल्या शहाबादी फरशीवरच काम करावे लागते, त्यामुळे पायांच्या जागा मी फरशीवर तेलरंगाने कायमच्या आखून ठेवल्या आहेत.

दवाबद्दल थोडेसेच सांगतो. ओलिताच्या शेतांमुळे डिसेंबरात दुय्यम आरसा धुरकटत असे. नळीच्या तोंडाला काळ्या फोमची गुंडाळी पुढे काढून लावल्यावर ते पुष्कळ कमी झाले.

एप्रिलच्या अमावास्येला पुन्हा दोन-दोन मिनिटांची साठ छायाचित्रे घेतली आणि त्यांतली त्रेपन्न ठेवली. या किमतीत दुर्बीण उत्तम आहे, आरसा तर अपेक्षेपेक्षा चांगला आहे आणि हे मी मनापासून सांगतो. परंतु महाराष्ट्रात हे माउंट विकणाऱ्याने मजबूत बोल्ट सोबत द्यायला हवा आणि तक्रार आल्यावर आरशाआधी तोच तपासायला हवा. वाकलेल्या बोल्टची छायाचित्रे आणि वेळेच्या क्रमाने लावलेले तारे मी विक्रेत्याला पाठवून तपासणीचे पैसे परत मागितले आहेत. त्याला सहा आठवडे झाले. अजून उत्तर आलेले नाही.