स्टार ट्रेक : आधी १९६६ ची मालिका की २००९ चा चित्रपट?

'स्टार ट्रेक बघायचंय, कुठून सुरुवात करू?' असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, वेळ किती आहे? एकच संध्याकाळ मोकळी असेल आणि सोबतच्या माणसांना विज्ञानकथांची फारशी ओढ नसेल, तर २००९ चा चित्रपट लावा. दोन तास सात मिनिटं कुणी जागचं हलणार नाही. पण चार-पाच रात्री पाऊण-एक तास काढता येत असेल, तर १९६६ च्या मालिकेपासूनच सुरू करा. नव्याचा राग आहे म्हणून हे सांगत नाही. त्या चित्रपटावर माझा जीव आहे, फक्त तो जडायला फार वेळ लागला.

आधी दोन्हींत काय आहे ते बघू. जीन रॉडनबेरींची मूळ मालिका अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९६६ ते जून १९६९ अशी तीन हंगाम चालली, भाग ७९. एंटरप्राइज हे यान, कॅप्टन कर्क, अर्धा व्हल्कन (भावना बाजूला ठेवून तर्काने चालणारा परग्रहावरचा वंश) आणि अर्धा माणूस असलेला स्पॉक, आणि डॉक्टर मॅकॉय. दर भागात नवा ग्रह, नवा पेच. पैशांची चणचण पडद्यावर दिसते. खडक हलके वाटतात, भिंती रंगवलेल्या वाटतात. माणसांना क्षणात ग्रहावर उतरवणारं ट्रान्सपोर्टरही खर्च वाचवण्यातून आलं, कारण दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. २००६ मध्ये मालिकेची चित्रफीत साफ करून यानाची बाहेरची दृश्यं संगणकावर नव्याने केली गेली. जुनेपणाची धास्ती असेल तर ती आवृत्ती बघा.

२००९ चा चित्रपट जे. जे. एब्रम्स यांचा. तीच माणसं, पण तरुण आणि नव्या नटांनी केलेली : ख्रिस पाइनचा कर्क, झॅकरी क्विंटोचा स्पॉक. रीबूट, म्हणजे जुनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, म्हटलं की जुन्यावर बोळा फिरवणार ही भीती असते. इथे तसं केलेलं नाही. भविष्यातून रोम्युलन या शत्रू वंशाचं एक जहाज भूतकाळात येऊन पडतं, कर्कच्या जन्माच्या दिवशीच त्याचे वडील मारले जातात आणि काळाला फाटा फुटतो. जुनी मालिका तिच्या वाटेवर सुखरूप राहते. शिवाय मूळ स्पॉक, म्हणजे लेनर्ड निमॉय, म्हातारा होऊन स्वतः या गोष्टीत येतो. तो पडद्यावर दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पहिली दहा-बारा मिनिटं तर विज्ञानपटांतल्या सगळ्यात सुंदर सुरुवातींपैकी एक आहेत. केल्विन नावाच्या जहाजावर हल्ला होतो, कवच फाटतं, एक जण किंचाळत बाहेर फेकला जातो आणि त्याच क्षणी सगळा आवाज थांबतो. अवकाशात आवाज नसतो, हे इतक्या नेमकेपणाने मनावर बिंबवलेलं मी क्वचित पाहिलंय. मग कर्कचे वडील एकटे जहाज शत्रूवर नेऊन आदळवतात, आणि शेवटच्या क्षणांत बायकोशी बोलत बाळाचं नाव ठरवतात.

पुढे त्यातली एक मोठी घटना सांगावी लागणार आहे. नको असेल तर हा परिच्छेद आणि त्यापुढचे दोन सोडा. चित्रपटाच्या मध्यावर व्हल्कन ग्रहच नष्ट होतो. नव्या प्रेक्षकाला तो एक जबरदस्त प्रसंग वाटेल. 'अमोक टाइम' या भागात त्या लाल आकाशाखाली स्पॉकला विधीसाठी परत आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांच्यासाठी ते माहेर बुडाल्यासारखं आहे. मी बाहेर पडले ती संतापून. आता वाटतं, तो घाव आवश्यक होता, नाहीतर नव्या वाटेवर काही पणाला लागलंच नसतं. पण घाव कळायला आधी ग्रहाशी ओळख हवी. आधी मालिका बघा म्हणण्याचं माझं पहिलं कारण हे.

दुसरं कारण 'द डेव्हिल इन द डार्क' या भागातलं. खाणीत एक दगडी प्राणी, हॉर्टा, कामगारांना मारतोय. कर्क म्हणतो मारून टाका, स्पॉक म्हणतो जमल्यास जिवंत पकडू. मग कर्क एकटाच त्याच्यासमोर सापडतो. आता स्पॉक संपर्कयंत्रावरून कळवळून सांगतो की लगेच मार, आणि कर्क बंदूक खाली घेतो. दोघांनी नकळत जागा बदललेल्या असतात. आपला मित्र धोक्यात आला की तर्काचं काय होतं आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडला की सूडाचं काय होतं, हे कुणीही भाषण न देता दिसतं. स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी मन जोडतो आणि वेदनेने ओरडतो. मग हॉर्टा आपल्या आम्लाने खडकावर तीन तुटके शब्द कोरते. त्यांचा अर्थ 'मला मारू नका' की 'मी मारणार नाही', हे त्या दोघांनाही कळत नाही. मला विचाराल तर स्टार ट्रेक म्हणजे तो खडक आहे. तिला काय दुखत होतं ते सांगत नाही, तुम्हीच बघा.

नव्या चित्रपटातही नेमका हाच पेच आहे. शेवटी खलनायक निरोचं, म्हणजे भविष्यातून आलेलं तेच रोम्युलन जहाज बुडत असतं, कर्क त्याला मदत देऊ करतो, आणि आई गमावलेला स्पॉक म्हणतो, या वेळी नको. पुन्हा तीच अदलाबदल! पण इथे ती काही सेकंदांत उरकते. निरो नकार देतो, तोफा सुटतात, संपलं. दिग्दर्शकाला जुन्याचं मर्म ठाऊक होतं, म्हणून ते क्षण आहेत. फक्त त्यांना श्वास घ्यायला जागा नाही. निरोलाही नाही. मालिकेच्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागातला रोम्युलन कमांडर पन्नास मिनिटांत आपल्याला जवळचा वाटू लागतो, निरोच्या वाट्याला मात्र नुसतं ओरडणं येतं.

एका ठिकाणी मात्र नवा चित्रपट जुन्याच्या पुढे जातो. 'जर्नी टू बॅबेल'मध्ये स्पॉक वडिलांना विचारतो, आईशी लग्न का केलंत? त्या वेळी ते तर्काला धरून वाटलं, असं सारेक सांगतो. २००९ मध्ये ती गेल्यावर तोच सारेक मुलाजवळ येऊन म्हणतो, मी तिच्यावर प्रेम करत होतो म्हणून. हे वाक्य आधीच्या उत्तरासकट ऐकलं तर पोटात कालवतं. आणि कार्ल अर्बनचा मॅकॉय! डिफॉरेस्ट केलींची नक्कल न करता त्यांची कुरकुर, त्यांची माया, सगळं त्याने उचललंय.

दोन्हींत खोट आहेच. नव्यात प्रकाशाच्या तिरिपा सतत डोळ्यांत येतात, आणि कालचा विद्यार्थी कर्क एका मोहिमेत कॅप्टन होतो ते मला अजूनही पचत नाही. जुन्यात तिसरा हंगाम ढासळलेला आहे, 'स्पॉक्स ब्रेन'पासून तर अजिबात सुरू करू नका. स्त्रियांच्या बाबतीत मालिका आपल्याच स्वप्नाला कमी पडते. निशेल निकल्सची उहुरा यानाच्या नियंत्रणकक्षात अधिकारी म्हणून बसते, हे त्या काळात मोठंच होतं, पण तिच्या वाट्याला काम थोडं येतं. झोई सल्डानाच्या उहुराला भाषातज्ज्ञ म्हणून खरी हुशारी दाखवता येते.

तर वेळ असेल त्यांनी सगळे ७९ भाग बघायची गरज नाही. 'बॅलन्स ऑफ टेरर', 'द डेव्हिल इन द डार्क', 'अमोक टाइम', 'जर्नी टू बॅबेल' या क्रमाने चार भाग बघा. पाचव्या रात्रीसाठी 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं असेल तर त्या रात्री तो लावू नका. मग २००९ चा चित्रपट. त्याचा पुढचा भाग, २०१३ चा, मात्र १९८२ चा खानवाला चित्रपट ('द रॅथ ऑफ खान') पाहिल्याशिवाय उघडू नका. त्यातला एक प्रसंग जुन्याचा आरसा आहे, आणि आधी आरसा पाहिलात तर मूळ चेहरा कायमचा हुकतो.

वेळ नसणाऱ्यांनी सरळ २००९ लावावा. फक्त संपत आला म्हणून उठू नका. मालिकेच्या प्रत्येक भागाआधी कर्क ज्या ओळी म्हणायचा, त्या इथे अगदी शेवटी निमॉयच्या खरखरीत, वय झालेल्या आवाजात येतात. त्यात काही शब्द बदललेले आहेत. त्यांच्या पाठोपाठ अलेक्झांडर करेज यांची १९६६ ची धून सुरू होते.