अशनींचा तीन तुकड्यांचा संच: कोणता तुकडा घ्यावा, कोणता सोडावा

सूर्यमालेच्या जन्माची साक्ष म्हणून ऑनलाइन विकले जाणारे अशनींचे छोटे संच बहुधा एकाच साच्याचे असतात. आयेंदे अशनीचा तुकडा, वाळवंटात सापडलेल्या साध्या कॉन्ड्राइटचा (कॉन्ड्राइट म्हणजे बारीक गोल कणांनी भरलेला दगडी अशनी, आयेंदेही त्यातलाच) काप आणि आम्लाने नक्षी उठवलेला लोखंडी काप. नजर आधी लोखंडाकडे जाते. खरा ऐवज मात्र आयेंदे.

हा अशनी ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात पडला. दोन टनांहून जास्त दगड गोळा झाले, म्हणून तो आजही मिळतो. काळं कवच शाबूत असलेला तुकडा रुबाबदार दिसतो, पण आतलं काहीच दाखवत नाही. त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा कापच मागावा, वजन कमी भरलं तरी चालेल. दहापटीचं भिंग घ्या, उजेड तिरका पाडा. करड्या गोल गोळ्या म्हणजे कॉन्ड्रूल, वितळलेल्या धुळीचे गोठलेले थेंब. वेड्यावाकड्या कडांचे पांढरट ठिपके म्हणजे कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमचे कण, तप्त वायूतून सर्वांत आधी घट्ट झालेले. अशाच कणांचं वय सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षं भरतं आणि सूर्यमालेचं घड्याळ तिथूनच मोजतात. आपल्या कापात एकही पांढरा ठिपका नसेल तर तो बदलून मागायला हरकत नाही.

१९७६ मध्ये आयेंदेच्या अशाच एका कणात मॅग्नेशियम-२६ प्रमाणाबाहेर सापडलं. ते आलं अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या ऱ्हासातून. त्याचं अर्धायुष्य जेमतेम सात लाख वर्षं, म्हणजे कण बनताना ते शिल्लक होतं. ग्रहांआधीचे, सुरुवातीचे छोटे खगोलीय पिंड आतून वितळले ते मुख्यतः याच उष्णतेनं.

हे लक्षात ठेवलं की लोखंडी काप नीट वाचता येतो. संचासोबतच्या माहितीपत्रकांत जन्माचा सरधोपट क्रम असतो: आधी कॉन्ड्राइट, मग लोखंड. तो चुकीचा आहे. हाफ्नियमच्या ऱ्हासातून बनलेलं टंगस्टन मोजून वय काढणाऱ्या पद्धतीनुसार कित्येक लोहअशनींचे मूळ गाभे, म्हणजे वितळलेल्या पिंडांच्या मध्यभागी जमलेलं लोखंड, पहिल्या दहा-वीस लाख वर्षांतच वेगळे झाले होते. बरेचसे कॉन्ड्रूल त्यानंतरचे. उशिरा जमलेल्या पिंडांना अ‍ॅल्युमिनियमची ऊब पुरली नाही, म्हणून ते कच्चेच राहिले आणि आपल्याला जुनी धूळ पाहायला मिळाली.

कापावरची आडवी-तिडवी पट्ट्यांची नक्षी कामासाइट आणि टीनाइट या दोन लोह-निकेल खनिजांची. लाखो वर्षं संथ थंड झाल्याशिवाय ती उमटत नाही. इथली खरी डोकेदुखी गंज. स्वीडनच्या मुओनिओनालुस्ता अशनीचे काप सुंदर असतात आणि गंजायलाही तितकेच तयार. कडेला तपकिरी थेंब दिसले तर ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्याऐवजी अल्कोहोल वापरून घासा. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दिवसभर बुडवा, वाळवा, खनिज तेलाचा पातळ हात द्या. डबीत सिलिका जेल हवंच. पुन्हा नक्षी उठवायला फेरिक क्लोराइड वापरू नये. क्लोराइड भेगांत राहतं आणि आतून गंज सुरू करतं. नायट्रिक आम्ल-अल्कोहोलचं मिश्रण वापरायचं तर ते सौम्यच हवं, आणि बंद बाटलीत कधीही साठवू नये: वायूनं बाटली फुटते.

उरला साधा कॉन्ड्राइट. संचातला हा सर्वांत दुबळा दुवा, कारण बहुतेक वेळा एल६ टाइपचा (एल म्हणजे कमी लोखंडाचा गट) काप भरलेला असतो. ६ म्हणजे पिंडाच्या पोटात इतका भाजलेला की कॉन्ड्रूलच्या कडा पुसल्या गेल्या. ३ हा आकडा असलेला मागा. गोळ्या सुट्या, रेखीव दिसतात. आकडाच दिलेला नसेल तर नुसतं ‘वायव्य आफ्रिका’ या सापडल्याच्या प्रदेशाच्या नावावर भुलू नये. अधिकृत नावात क्रमांक असतो आणि तो मेटिऑरिटिकल बुलेटिन या अशनींच्या अधिकृत नोंदीच्या यादीत तपासता येतो.

काही विक्रेते खरेपणा पटवायला निओडिमियम चुंबक सोबत देतात. तो तुकड्याला लावू नये: दगडात गोठलेल्या प्राचीन चुंबकत्वाची नोंद एका स्पर्शात पुसली जाते, आणि लोखंडाचे कण असलेला भट्टीतला मळही चुंबकाला तितकाच चिकटतो.