म्हापशाच्या बाजारातला एक लिटरचा मापजग

शुक्रवारच्या बाजारात मिळणारा हा बिनब्रँडचा प्लास्टिक जग दिसायला दणकट, धारही नीट पडते. माप मात्र तपासूनच वापरावं. वजनकाट्यावर रिकामा जग ठेवून शून्य करा, 500च्या रेघेपर्यंत पाणी भरा. काटा 500 ग्रॅमच्या आसपास यायला हवा. इथे 480च आला. म्हणजे 4 टक्के कमी. सोलकढीला चालेल, लोणच्याच्या व्हिनेगरला नाही.

खरी गोची 100च्या रेघेशी आहे. तळ मधोमध वर फुगलेला, शिवाय जग खाली निमुळता, तरी रेघा सरसकट सारख्या अंतरावर छापल्यात! 200च्या खाली भरवसा ठेवू नका.

खोबरेल तेल काट्यावर मोजत असाल तर लक्षात ठेवा: एक लिटरचं वजन साधारण 920 ग्रॅम भरतं, किलो नव्हे. रेघ वाचताना जग ओट्यावर ठेवून डोळे तिच्या पातळीला आणा. हातात धरला की तो कलतोच.

घरात सरळ बाजूंचा स्टीलचा डबा असेल तर तो जास्त बरा. आतला व्यास 10 सेंटिमीटर, पाणी 13 सेंटिमीटर उंच, म्हणजे जवळपास 1020 मिली.