कागद खरा, भरती खोटी: रबाळ्यातल्या ‘ट्रेनी’ नोकरीचा अनुभव

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत, आयटीआय झालेल्या पोरांची ठेकेदारामार्फत भरती वर्षभर सुरू असते. त्यातल्या काही जागा कोणत्या पद्धतीने भरतात ते आमच्या घरातच घडलं. तुमच्या ओळखीतला एखादा मुलगा आज तशाच फॉर्मवर सही करत असेल, म्हणून सगळं लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ फिटर. आम्ही कळव्याला राहतो. आयटीआय पास झाल्यावर तो रबाळ्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून ‘ट्रेनी’ म्हणून लागला. महिना ७,००० रुपये. रुजू होताना ५,००० रुपये ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ रोख घेतलं, पावती दिली नाही, आणि आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट ‘व्हेरिफिकेशनला’ म्हणून ठेवून घेतलं. पगार इतका कमी कसा, असं आईने फोन करून विचारलं. तो माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, “मावशी, हा स्पेशल रेट आहे. शिकाऊ पोरांसाठी सरकारनेच ठरवून दिलाय. जीआर पाठवतो, तुम्हीच वाचा.” आणि खरंच पाठवला.

फसवणूक इथेच आहे, कारण तो कागद बनावट नव्हता. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाचे नवे आकडे जाहीर केले होते. दहावी पास असेल तर किमान ६,०००, आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर ७,०००, डिप्लोमा असेल तर ८,०००, पदवीधर असेल तर ९,०००. त्या तक्त्यात ७,००० ची ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली होती. किमान वेतन सगळ्यांना सारखं नसतं हेही लोकांना ऐकून माहीत असतं. महाराष्ट्रात ते उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे (म्हणजे कारखाना कोणत्या भागात आहे त्याप्रमाणे) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल या श्रेणींप्रमाणे बदलतं. वर विशेष भत्ता असतो, तो दर सहा महिन्यांनी नव्याने जाहीर होतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातसुद्धा प्रौढ, किशोरवयीन आणि शिकाऊ यांचे दर वेगळे ठरवायची तरतूद होती. मग ‘स्पेशल रेट’ म्हटल्यावर आईने विश्वास ठेवला, यात तिचं काय चुकलं?

त्या कागदाच्या वरच्या बाजूला लिहिलेलं मात्र ठेकेदाराने वाचून दाखवलं नाही. हे दर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार झालेल्यांसाठीच आहेत. तसा करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकाची सही लागते. ट्रेड ठरलेला असतो, मुदत ठरलेली असते, शिकवणारा माणूस असतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत शिकाऊ उमेदवाराला कामावर ठेवायचं तर शिकाऊ उमेदवार सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

भावाकडून काय करून घेतलं? पहिल्याच आठवड्यात पॉवर प्रेसवर उभा केला. शेजारी कायम कामगार तेच काम करत होते, तोच टार्गेट, तीच मशीन. शिफ्ट बारा तासांची, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. जादा तासांचे पैसे मागितले की सुपरवायझर म्हणायचा, “ट्रेनीला ओटी नसतो.” शिकवायला एकदाही कोणी आलं नाही. हजेरी मात्र रोज तंबीसकट घ्यायचे, एक खाडा पडला की दोन दिवसांचे पैसे कापायचे.

मग प्रेसवर त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला जखम झाली. टाके घालावे लागले. वाशीला ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, हॉस्पिटल आहे, तिकडे नेऊ म्हणून मी सुपरवायझरकडे कार्ड मागितलं. “ताई, ट्रेनीला ईएसआयसी नसतं, पीएफ पण नसतो, कायद्यातच आहे.” खासगी दवाखान्याचं बिल आम्ही भरलं. त्या रात्री मी कायदा शोधून वाचायला बसले.

हेसुद्धा अर्धंच खरं निघालं. पीएफ आणि ईएसआयसीमधून शिकाऊ उमेदवार वगळलेले आहेत, पण रीतसर करार असलेले. आणि असा खरा शिकाऊ उमेदवार कामावर जखमी झाला तरी भरपाई मालकानेच द्यायची, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. ज्याचा करारच झालेला नाही तो कामगार. त्याला त्याच्या श्रेणीचं पूर्ण किमान वेतन, जादा तासांना दुप्पट दर, पीएफ, ईएसआयसी, सगळं लागू.

आता ठेकेदाराचा हिशेब बघा. फिटरचं कुशल कामगाराचं वेतन वाचलं. मालकाच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के आणि ईएसआयसी ३.२५ टक्के वाचला. रोज चार तासांचा दुप्पट ओटी वाचला. वर डिपॉझिट हातात. मूळ सर्टिफिकेट कपाटात, म्हणजे पोरगं मध्येच सोडूनही जाणार नाही. वर्ष संपत आलं की या पोरांना दुसऱ्या फर्मच्या नावावर पुन्हा ‘ट्रेनी’ करतात. भावाबरोबरचा एक मुलगा असाच तिसऱ्या फर्मवर होता. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. हे पाहून मला अजूनही संताप येतो. गरीब घरातल्या पोराने दोन वर्षं आयटीआयला घालवून मिळवलेलं कौशल्य ही माणसं फुकटात वापरतात, आणि वर सरकारचं नाव सांगतात.

ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिला. सुनावणीला ठेकेदाराने शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा ‘प्रशिक्षण करारनामा’ काढला, भावाच्या सहीचा. अधिकाऱ्यांनी एकच विचारलं, “पोर्टलचा नोंदणी क्रमांक सांगा.” त्याच्याकडे नव्हता. मग तो म्हणू लागला की मुलगा महिन्यात जेमतेम पंधरा दिवस येत होता. तिथे भावाचे व्हॉट्सअॅप मेसेज कामाला आले. सुपरवायझर रोज ग्रुपवर शिफ्टची यादी टाकायचा, तारीख आणि वेळेसकट. त्याशिवाय बँकेचं स्टेटमेंट होतं आणि गेटपासचे फोटो होते.

ठेकेदार हलला तो मूळ कंपनीला, म्हणजे ज्या कारखान्यात भाऊ राबत होता त्याला, नोटीस गेल्यावर. ठेकेदाराने वेतन बुडवलं तर ते देण्याची जबाबदारी कंपनीवर येते, त्यामुळे कंपनीच्या एचआरने त्याच्यामागे तगादा लावला. सर्टिफिकेट आणि डिपॉझिट परत मिळालं. वेतनातल्या फरकाचा दावा चालू आहे. “थोडे पैसे घ्या आणि मिटवा” म्हणून दोनदा माणूस घरी येऊन गेला, आम्ही नाही म्हटलं.

तुमच्या घरी असा प्रस्ताव आला तर सही करण्याआधी नोंदणी क्रमांक मागा आणि मुलाच्या स्वतःच्या लॉगिनने पोर्टलवर करार दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर तो स्पेशल रेट तुमच्यासाठी नाही. मूळ सर्टिफिकेट कोणालाही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. आधीच फसला असाल तर उशीर झाला म्हणून बसून राहू नका. जुन्या कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे वेतन संहितेत, ती तीन वर्षं आहे, आणि फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येते. शिफ्टचे ग्रुप सोडण्याआधी सगळे मेसेज एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण तक्रार झाली की ठेकेदार पहिल्यांदा ग्रुपच बंद करतो. आमच्या वेळी त्याने तेच केलं होतं.